नव्या जीटीची पहिली सर्व्हिस : गॅरेजवाल्याने 'नाही' म्हणायला शिकावं



रत्नागिरीत गॅरेज टाकू पाहणाऱ्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, आता आपल्याकडे पण टर्बोवाल्या फास्ट गाड्या यायला लागल्यात. उद्या एमएच-०८ ची नवी कोरी वर्टस जीटी दारात उभी राहिली आणि गिऱ्हाईक म्हणालं, पहिली सर्व्हिस तूच कर, तर करायची का?"

माझं उत्तर सरळ आहे. नाही करायची. ती गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपलाच जाऊ दे.

आता तुम्ही म्हणाल, दारात आलेली लक्ष्मी परत पाठवायची? तर तसं नाही. सर्व्हिस सोडायची, गिऱ्हाईक सोडायचं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आजचा सगळा लेख त्या दोघांमधल्या फरकावर आहे.

आधी समजून घ्या, पहिली सर्व्हिस म्हणजे काय

मारुतीची साधी गाडी घेतली की पहिली फ्री सर्व्हिस १,००० किलोमीटर किंवा एका महिन्याला. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगनच्या वर्टस जीटीला मात्र नेहमीची सर्व्हिस १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा. बीएमडब्ल्यूच्या खऱ्या एम गाड्यांचं अजून वेगळं. त्यांना २,००० किलोमीटरला खास सर्व्हिस लागते. इंजिन ऑइल तर बदलतातच, डिफरन्शियलचं ऑइलसुद्धा बदलतात. म्हणजे 'नवीन गाडी, हजार किलोमीटर, ऑइल बदल' हे आपल्या डोक्यात बसलेलं गणित प्रत्येक गाडीला लागू नाही. प्रत्येक गाडीचं हँडबुक वेगळं बोलतं, आणि ते वाचल्याशिवाय बोनेट उघडायचं नाही.

यात एवढं नाजूक काय असतं? वर्टस जीटीचं १.५ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन १५० पीएस ताकद देतं. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि त्याचा दांडा ज्या पातळ थरावर फिरतो तो थर इंजिन ऑइलचा असतो. म्हणून कंपनी नुसतं ५डब्ल्यू-३० की ०डब्ल्यू-२० एवढंच सांगत नाही, तर ऑइलचा स्वतःचा मंजुरी क्रमांकही देते. दुकानदार "तसलंच आहे, घ्या" म्हणून डबा पुढे करतो. ते 'तसलंच' ऑइल आज काही करत नाही. दोन वर्षांनी करतं, आणि तेव्हा बिल तुमच्या नावावर फाटतं.

दुसरं म्हणजे सॉफ्टवेअर. अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी कंपनीच्या सिस्टीमला जोडली जाते, अपडेट असेल तर टाकलं जातं, काही भाग बदलून द्यायचे असतील तर तिथेच कळतं. आणि ही सगळी नोंद गाडीच्या नावावर कायमची चढते. उद्या गाडी विकायला काढली की घेणारा पहिल्यांदा हीच नोंद मागतो. ही नोंद देणं आज तुमच्या हातात नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

"पण सर, कायदा तर आपल्या बाजूने आहे ना?"

अभ्यासू मुलं हा मुद्दा काढतात आणि तो खरा आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांविरुद्ध मोठा निकाल दिला. कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, असं आयोगाने म्हटलं. दंड होता सुमारे २,५४४ कोटी रुपये. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही त्यात होतं. पुढे अपिलं झाली, प्रकरण लांबलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टलही सुरू केलं. वारं आपल्या दिशेने आहे, हे नक्की.

पण धंदा वाऱ्यावर करायचा नसतो. समजा तुम्ही सर्व्हिस केली आणि सहा महिन्यांनी टर्बो बसला. दोष तुमचा नसेलही. वर्कशॉपवाला विचारणार, ऑइल कोणी बदललं? गिऱ्हाईक तुमच्याकडे बोट दाखवणार. मग तुम्ही बिलं शोधणार, वकील गाठणार, आणि तोपर्यंत साळवी स्टॉपपासून मारुती मंदिरापर्यंत चर्चा होणार की अमक्याने जीटीचं इंजिन घालवलं. रत्नागिरी छोटं गाव आहे. इथे कोर्टाचा निकाल यायच्या आधी गावाचा निकाल लागतो.

मग तुमचा धंदा कुठे आहे?

इथे नीट लक्ष द्या. सर्व्हिस एक वर्षाने. आणि त्या एका वर्षात कोकणात काय होतं? एक अख्खा पावसाळा होतो!

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वरून समुद्राची खारी हवा, जांभ्याची लाल माती, आंब्या-फणसाचा पाला, आणि गाडी अंगणात चार दिवस उभी राहिली की वायर कुरतडणारे उंदीर. कंपनीचं हँडबुक अख्ख्या देशासाठी लिहिलेलं असतं, तुमच्या आळीसाठी नाही. ही जागा रिकामी आहे, आणि ती भरायला तुमच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही.

वॉरंटीला धक्का न लावता, एकही नट-बोल्ट अंगावर न घेता, एवढी कामं तुम्ही करू शकता :

१. गाडी आल्या आल्या गिऱ्हाईकाला रनिंग-इन समजावून सांगा. पहिले हजार-दीड हजार किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, थंड इंजिन ताणायचं नाही, हे बहुतेक हँडबुकात असतं आणि बहुतेक मालकांनी वाचलेलं नसतं.

२. महिन्याला एकदा ऑइलची पातळी, कुलंट, टायरची हवा बघा. टर्बो गाडी थोडंफार ऑइल पिऊ शकते. वर्षभर डिपस्टिक बघितलीच नाही, तर पहिली सर्व्हिस उशिरा कळलेल्या दुखण्याची होते.

३. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गाडी खालून धुऊन तपासा. समोरच्या काचेखाली पाला साचून पाण्याची वाट बंद होते, ती मोकळी करा. दारांच्या खालची भोकं बघा. उंदरांच्या खुणा बघा.

४. सर्व्हिसच्या आधी तक्रारींची लेखी यादी करून द्या. "आवाज येतो" असं नाही, तर "थंड इंजिनला, दुसऱ्या गिअरमध्ये, डाव्या पुढच्या चाकाकडून आवाज" असं. सर्व्हिस ॲडव्हायझर अशा कागदाकडे दुर्लक्ष करू शकत नाही.

५. गाडी नेऊन आणून द्या. रत्नागिरीत प्रत्येक कंपनीचं अधिकृत वर्कशॉप नाही. काहींना पाली, साखरपा करत आंबा घाट चढून सुमारे १३० किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जावं लागतं, काहींना त्याहून लांब. डॉक्टर, बागायतदार, हॉटेलवाले यांना तो दिवस मोडायचा नसतो. मात्र लेखी संमती, विम्याची खात्री, निघताना आणि आल्यावर मीटरचा फोटो, हे सगळं आधी. आणि घाटात दुसऱ्याची जीटी पळवून बघायची नाही, हे वेगळं सांगायला नको!

६. आल्यावर बिल वाचून दाखवा. कुठलं ऑइल, किती लिटर, कुठला फिल्टर, नोंद चढली का. 'फ्री सर्व्हिस' म्हणजे मजुरी फ्री, ऑइल-फिल्टरचे पैसे लागतात, हे गिऱ्हाईकाला काउंटरवर नाही तर तुमच्याकडून आधी कळलं पाहिजे.

हिशोब करून बघू

समजा वर्षाला अशा ४० गाड्या तुमच्याकडे जोडल्या गेल्या. प्रत्येक गाडी वर्षातून तीनदा आली आणि दर खेपेला १,५०० रुपये मिळाले. ४० गुणिले ३ गुणिले १,५०० म्हणजे १,८०,००० रुपये. हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय, तुमच्या भागातला दर तुम्ही टाका. यात लाखांचा स्कॅनर नाही, जोखमीचं काम नाही. मिरजोळे एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेण्याआधी घरच्या शेडमध्ये सुद्धा हे सुरू होऊ शकतं. पुढे लिफ्ट आणि स्कॅनर घ्यायची वेळ आली की जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पीएमईजीपीची चौकशी करा. सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प त्यात बसतो. पण कर्ज आधी आणि गिऱ्हाईक नंतर, हा क्रम नको.

खरी कमाई नंतर आहे

२०१५ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून फियाटची अबार्थ पुंटो बाजारात आली. १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती, एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या आत. वेड लावणारी गाडी! काही वर्षांत फियाटने भारतात गाड्या विकणं थांबवलं. शेव्हरोलेची विक्री २०१७ अखेर थांबली. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. कंपन्या गेल्या, गाड्या रस्त्यावरच राहिल्या. अशा वेळी मालक कोणाला फोन करतो? ज्याने पहिल्या दिवसापासून गाडी बघितली, प्रत्येक खेपेची नोंद ठेवली, आणि जे काम आपलं नाही ते आपलं नाही असं तोंडावर सांगितलं, त्याला.

कंपनी राहिली तरी वॉरंटी एक दिवस संपतेच. त्या दिवशी तुमच्या वहीत त्या गाडीचा सगळा इतिहास असला पाहिजे. तोपर्यंत योग्य ऑइल, योग्य अवजार आणि त्या इंजिनचा अभ्यास, हे तयार करायला तुमच्याकडे वेळ आहे. आज पहिली सर्व्हिस ओढून घेणारा फार तर एक बिल फाडतो. तिला नम्रपणे नाही म्हणणाऱ्याकडे पुढची दहा वर्षं येऊ शकतात.

तुमचा धंदा गॅरेजचा नसेल, टेलरिंगचा, केटरिंगचा, सोलर बसवण्याचा असेल, तरी हेच लागू. कुठलं काम आपण करत नाही, हे ज्याला स्वच्छ सांगता येतं, त्याच्या 'हो'वर लोक विश्वास ठेवतात.

आजचा गृहपाठ : एक कोरा कागद घ्या. डावीकडे लिहा, मी आज कोणतं काम नाकारणार. उजवीकडे लिहा, त्या कामाच्या आधी आणि नंतर गिऱ्हाईकाला काय काय लागतं. उजवी बाजू डावीपेक्षा लांब झाली, तर समजा धंदा सापडला. कागद दुकानात, नजरेसमोर चिकटवा आणि उद्याच्या पहिल्या गिऱ्हाईकापासून सुरुवात करा.