छायाचित्र विकत मिळेल, दृष्टी कोठून आणणार?

२०२५ मध्ये चीनच्या शिनजियांग प्रांतातील मलान तळाची उपग्रह-छायाचित्रे पाश्चात्त्य माध्यमांत झळकली. पंखविस्तार ५० मीटरच्या आसपास, शेपूट नाही, असे एक प्रचंड विमान त्यांत उघड्यावर उभे होते. ते मानवरहित असावे, असे जाणकारांचे अनुमान. अशी छायाचित्रे आली की आपल्याकडे दोन प्रकारचे विद्वान जागे होतात. पहिल्याला त्यांत लगेच आपल्या हवाई दलाचा पराभव दिसतो. दुसरा म्हणतो, असली छायाचित्रे आता पैसे टाकले की बाजारात मिळतात. स्वतःच्या यंत्रणेवर एवढा खर्च कशाला? छायाचित्र पाहणे वेगळे आणि ते वाचता येणे वेगळे, हे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या या दोघांच्याही गावी नसते.

१९६६ साली सोव्हिएत रशियाने कास्पियन समुद्रात एक अजस्र यंत्र उतरवले. अमेरिकेच्या हेर-उपग्रहांनी ते टिपले आणि तेथील विश्लेषक चक्रावून गेले. लांबी ९२ मीटर, पंख मात्र तोकडे. पुढे आठ आणि शेपटीवर दोन अशी दहा जेट इंजिने. विमान म्हणावे तर एवढ्याशा पंखांवर ते उंच जाणार कसे? जहाज म्हणावे तर त्याला पंख कशाला? त्यावरील 'के एम' या अक्षरांचा अर्थ अमेरिकेत 'कास्पियन मॉन्स्टर' असा लावला गेला. वास्तविक ती 'कोराब्ल-माकेत', म्हणजे नमुना-जहाज, या रशियन शब्दांची आद्याक्षरे होती! रोस्तिस्लाव अलेक्सेयेव्ह यांची ही निर्मिती पाण्याच्या पृष्ठभागापासून थोड्याच उंचीवर, पंख आणि पाणी यांच्यामध्ये दाबल्या गेलेल्या हवेच्या आधाराने धावत असे. तिचे एकूण वजन ५४४ टनांपर्यंत जात असे. १९८० मध्ये ती अपघातात बुडाली. कॅमेऱ्याने मापे बिनचूक दिली होती. हेतू काही छायाचित्रात उमटत नाही.

तो हेतू हुडकायला तपश्चर्या लागते. सावलीच्या लांबीवरून उंची मोजायची, शेजारी उभ्या मालमोटारीवरून पंख मोजायचे, नव्या हँगरचा दरवाजा किती रुंद बांधला आहे यावरून आत काय येणार याचा तर्क करायचा, आणि तीच धावपट्टी वर्षानुवर्षे न्याहाळायची. मॉस्कोजवळील रामेन्स्कोये तळावर १९७७ च्या सुमारास दिसलेल्या दोन अनोळखी विमानांना अमेरिकनांनी 'रॅम-के' आणि 'रॅम-एल' अशी तात्पुरती नावे दिली. पुढे पहिले सुखोई-२७ म्हणून आणि दुसरे मिग-२९ म्हणून जगाला कळले. हेच मिग-२९ १९८७ मध्ये पुण्याच्या लोहगावात दाखल झाले आणि सुखोई-२७ च्या वंशातील सुखोई-३० एमकेआय नाशिकजवळ ओझरला बांधले गेले.

वाचणारा कच्चा असला की उत्तम कॅमेराही हात टेकतो, याचा पुरावा आपल्याच भूमीवर आहे. १९९५ मध्ये पोखरणची तयारी अमेरिकी उपग्रहांनी पकडली, दडपण आले आणि चाचणी थांबली. १९९८ मध्ये शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात वावरले, अवजड कामे रात्री झाली, पहाटेपूर्वी प्रत्येक वस्तू जागच्या जागी गेली. ११ मे रोजी वाजपेयींनी घोषणा केली, तेव्हा वॉशिंग्टनला धक्का बसला. वाळवंट तेच होते, आकाशातले डोळेही होते. अ‍ॅडमिरल जेरेमाया यांनी या अपयशाची चौकशी केली, तेव्हा छायाचित्रे गोळा करण्याची क्षमता आणि ती वाचणारे मनुष्यबळ यांचा मेळ नसल्याचे नोंदवावे लागले. महासत्तेची ही गत, तर परक्याच्या ओंजळीने पाणी पिण्याचा सल्ला देणाऱ्यांनी आपल्याला कोठे नेऊन ठेवले असते?

भारताने २०१९ मध्ये पाव मीटरपर्यंतचे बारकावे टिपणारा कार्टोसॅट-३ अवकाशात धाडला. २०२४ मध्ये केंद्राने ५२ टेहळणी उपग्रहांच्या योजनेस मान्यता दिली. हे सर्वथा अभिनंदनीय आहे. परंतु मलानच्या धावपट्टीवर काय उभे आहे, ते सांगणारा माणूस अग्निबाणासोबत आकाशात जात नाही. त्याला तोच तळ दहा-पंधरा वर्षे पाहू द्यावा लागतो. नजर बसू लागताच त्याची बदली केली, तर मागचे सारे पाण्यात जाते. अशी माणसे किती घडवायची, तो आकडाही या ५२ च्या शेजारी लिहिला गेला पाहिजे.