कोरड्या विहिरींचा प्रश्न

आमच्या टीममधला एक जण नोकरी सोडून पीएच.डी. करायचं म्हणतोय. त्यामुळे परवा ऑफिसात चहाला विषय निघाला, की पेपर छापून आणायची सक्ती काढली ते बरं झालं का वाईट?

आधी नियम सांगतो. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध जर्नलमध्ये छापून यायला लागायचा, शिवाय दोन निबंध परिषदांत वाचायला लागायचे. नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमांत ही सक्ती गेली. बाकी सांगाडा तोच. कमीत कमी तीन वर्षं, कोर्सवर्क, प्रबंध, गाइडखेरीज निदान दोन बाहेरचे परीक्षक आणि शेवटी खुली तोंडी परीक्षा.

"आता दर्जा घसरणार" अशी ओरड झाली. मला नाही पटत. सक्ती होती तेव्हा पैसे घेऊन झटपट छापणाऱ्या जर्नलांची दुकानं जोरात चालली. आमच्या धंद्यात एकेकाळी कोडच्या ओळी मोजायचे. ओळी वाढल्या, पण सॉफ्टवेअर काही सुधारलं नाही!

पण पेपरची अट गेली म्हणजे सगळा भार परीक्षकांवर आला. आणि खरी गोची तिथेच आहे.

माझ्या आतेबहिणीची, ताईची, तोंडी परीक्षा २०२२ च्या एप्रिलमध्ये झाली. विषय विहिरींची पाणीपातळी. आलेख मी काढून दिले होते. तेव्हा लक्षात आलं, की उन्हाळ्यात ज्या विहिरी आटतात त्यांची नोंदच होत नाही, त्या सरासरीतून गळतात आणि पाणी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. ताईने चार महिने घालून सगळं परत मांडलं. त्यावर कोणी खोदून विचारणार म्हणून रात्रभर तयारी केली.

परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले. एक विषय का निवडला, दुसरा पुढे काय करणार. वीस मिनिटांत अभिनंदन, मग समोसे.

रिक्षात ती गप्प होती. मग म्हणाली, "अरे, तू तरी विचारायचंस ना."

च्यायला, पाच वर्षांच्या कामाची हीच किंमत? नापास होण्यापेक्षा हे वाईट, कारण नापास करायला निदान वाचावं तरी लागतं.

माझी मागणी साधी आहे. प्रबंध शोधगंगेवर जातोच, त्याच्याच शेजारी परीक्षकांचे अहवाल नावानिशी ठेवा. आमच्याकडे कोड कोणी तपासला आणि काय शेरे मारले ते कायम दिसतं. नुसतं "ठीक आहे" लिहिणाऱ्याची लाज त्याच्याच नावावर राहते. ज्याने मनापासून वाचलं त्याचं श्रेयही त्यालाच मिळेल.

असो. त्या पोराला मी एवढंच सांगितलं, की गाइड निवडताना त्यांचे किती पेपर छापून आलेत ते नंतर बघ. आधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचार, "सरांनी तुमचा प्रबंध वाचला होता का?"