रेघ आधी, अक्षर मागून

गेल्या पावसाळ्यात माझं लिहिणं अडलं. सदर मध्ये बंद पडलं, त्याचं कारण वाचकांना सांगायचं राहून गेलं होतं. आई गेली आणि महिन्याभरात नवऱ्याच्या बदलीचा हुकूम आला. सामान बांधून आम्ही लखनौच्या उत्तरेला, सीतापूर रस्त्यावरच्या बख्शी का तालाबला येऊन राहिलो. इथे हवाई दलाचा तळ आहे. गावाला सगळे ‘बीकेटी’ म्हणतात, पण मला पूर्ण नाव आवडतं. बख्शी म्हणजे फौजेचा पगार वाटणारा, हजेरी आणि हिशेब ठेवणारा अधिकारी. तलवारींच्या गर्दीतला लेखणीचा माणूस.

किराण्याची यादी, बँकेचे अर्ज, सासूबाईंना पत्र, हे सगळं लिहिता येत होतं. लेख तेवढा येत नव्हता. पहिलं वाक्य लिहायचं, खोटं वाटलं की पुसायचं. मग दुसरं, मग तिसरं. तासाभराने स्क्रीन पुन्हा पांढरीच. आईबद्दल लिहायचं होतं, आणि तिच्याबद्दलचं प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी श्रद्धांजलीतून उचलून आणल्यासारखं वाटायचं.

हाताला काही काम हवं म्हणून पुण्याहून आणलेलं एक कॅलिग्राफी पेन काढलं. ते इंग्रजी अक्षरांसाठी केलेलं. त्याने ‘ग’ काढला तर जिथे जाड यायला हवं तिथे बारीक, आणि बारीक हवं तिथे जाड. देवनागरीचा तोल रोमन अक्षरांच्या उलटा असतो. टोकाचा उतारच वेगळा लागतो, हे मला या वयात कळलं.

शेजारणीने एका वृद्ध मास्टरजींकडे नेलं. उमेदीत त्यांनी उर्दू छापखान्यांसाठी किताबत, म्हणजे छपाईसाठी पानं हाताने लिहिण्याचं काम, केलं होतं, नंतर लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या. लखनौ हे त्या कामाचं मोठं ठिकाण. मुन्शी नवलकिशोर यांनी 1858 साली इथे छापखाना काढला, आणि त्यांची उर्दू-फारसी पुस्तकं शिळाछापावर निघत. म्हणजे आधी कातिब चिकट शाईने कागदावर पान लिहिणार, मग ते दगडावर उतरणार. खिळे जुळवणं नाहीच. अख्खं पुस्तक कुणाच्या तरी हाताने लिहिलेलं.

मी वही उघडून बसले तर मास्टरजी म्हणाले, “पहले कलम काटना सीखिए, लिखना बाद में।” दोन दिवस मी फक्त बोरू तासला. बोटाएवढा जाड, वाळून तपकिरी झालेला. चाकू अंगठ्यापासून दूर चालवायचा. पोटाकडून लांब उतार द्यायचा, मधोमध बारीक चीर पाडायची म्हणजे शाई टोकापर्यंत येते, आणि शेवटी कठीण फळीवर टोक टेकवून एका दाबात तिरकं कापायचं. याला ते ‘कत’ म्हणतात. कत नीट बसला की ‘टक’ असा कोरडा आवाज येतो. माझे पहिले सहा बोरू उभे फाटले. मास्टरजींच्या दवातीत, म्हणजे आपल्या दौतीत, रेशमी धाग्यांचा बोळा असतो. बोरू त्यावर टेकवला की लागेल तेवढीच शाई उचलली जाते, थेंब गळत नाही.

त्यांनी मला उर्दूचं पहिलं अक्षर, अलिफ, दाखवला. बोरू टेकवून उमटलेला चौकोनी ठिपका म्हणजे नुक्ता, आणि नस्तालीक या उर्दू लेखनशैलीतला अलिफ अशा साधारण तीन नुक्त्यांएवढा उंच. मग माझ्याकडचं जुनं मराठी पुस्तक बराच वेळ न्याहाळून त्यांनी माझ्या पेनाच्या उलट उताराचा बोरू कापून दिला. लिपी वाचता येत नव्हती, पण कत कसा हवा ते त्यांच्या डोळ्यांना कळलं. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्या दुपारी कायमचा ठरला.

घरी येऊन मी गमभन गिरवायला बसले. अ-आ-इ-ई नाही, गमभनच. आपल्याकडे मुलांना वळणाने जवळची अक्षरं एकत्र शिकवतात, ती रीत हाताला किती बरोबर बसते हे पन्नाशीत पटलं. जानेवारीतलं धुकं घरात शिरायचं, कागद ओलसर व्हायचा, शाई फुटायची. ऊन आलं की गच्चीवर बसायचं.

या दिवसांत दोन माणसं सोबतीला होती. एक र. कृ. जोशी. कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईत शिकवलेले. ज्या ‘मंगल’ फाँटात मी महिनोन्‌महिने वाक्यं पुसत होते तो त्यांनी घडवलेला. दुसरे समर्थ रामदास. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. पोथीचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं, ही त्यांची अपेक्षा. मला त्यात सौंदर्यापेक्षा रोज बसण्याची सक्ती दिसते.

पण माझी गाठ सुटली ती मोडीने. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढून घेई आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं टांगत जाई. बाळबोधीत आपण शब्द लिहून मग रेघ देतो. त्याची रेघ आधीच हजर. काय लिहायचं ते ठरण्यापूर्वीच त्याचा कागद कोरा राहिलेला नसे. हे मी पूर्वीही वाचलं होतं. बोरू हातात असताना आठवलं आणि अंगावर काटा आला.

मी आडवी रेघ ओढली. खाली काय लिहायचं? मास्टरजींनी सांगितलं होतं, “जो याद आए, लिखिए।” आठवली ती आईच्या माहेरच्या वाटेवरची स्टेशनं. परभणी. मानवत रोड. सेलू. परतूर. ‘र’ची शेपटी नीट वळेपर्यंत ‘परतूर’ चारदा लिहिलं. पाचव्यांदा हात थांबला नाही. पुढे ‘ला’ लागला आणि अक्षरं रेघेखाली उतरत गेली: परतूरला गाडी थांबली की आई आधी पदर सावरायची, मग खिडकीतून स्टीलचा पेला बाहेर धरायची, कारण तिला कुल्हडातला चहा मातकट लागे.

हे वाक्य कुणाच्याच श्रद्धांजलीत नव्हतं. शाई वाळायच्या आत मी त्याच्याखाली दुसरी रेघ ओढली.