कळ काढायला काय झालं होतं?

मंडळी, मी बैलगाडा शर्यतीचा वेडा. मालवणात बसून घाटावरच्या शर्यतींचे व्हिडिओ बघणारा! तरी सांगतो, करोनाच्या दिवसांत, २० ऑगस्ट २०२१ ला, आमदार गोपीचंद पडळकरांनी सांगलीतल्या झरे गावात बंदी मोडून भरवलेली शर्यत मला नाही पटली. संचारबंदी असतानाही गर्दी! मित्र म्हणतात, सरकारला जाग आणायची होती. अहो, ७ मे २०१४ च्या बंदीपासून सात वर्षं थांबलोच ना? आणखी चारच महिन्यांनी, १६ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिलीच की! आमचे आजोबा म्हणायचे, "बैलाक घाई नसता रे, माणसाकच असता." शर्यत परत येते हो, गेलेला माणूस येत नाही. असो.