ऐंशीचा रकाना

लेकीचा तक्ता आला तेव्हा मी पडवीत वाल सोलत बसले होते. सात देश, प्रत्येकापुढे नऊ रकाने. हवामान, दवाखाना, घरभाडे, कर, व्हिसा, भाषा, सुरक्षितता, विमानाचे तास आणि भारतीय वाणसामान. प्रत्येक रकान्यात दहापैकी गुण, शेवटी बेरीज. पोर्तुगाल पहिला, मलेशिया दुसरा, मॉरिशस तिसरा. कॅनडा, जिथे ती स्वतः राहते, तो पाचवा. शिक्षिकेची मुलगी, पक्षपात करणार नाही!

"आई, तुम्ही दोघं आता मोकळे आहात," ती फोनवर म्हणाली. "तुझं पेन्शन आहे, बाबांची शिल्लक आहे. नीट वाच आणि रविवारी सांग."

आमच्या ह्यांनी चष्मा पुसून तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. "यात ओले बोंबील मिळतात का, तो रकाना नाहीये," एवढेच म्हणाले. मी दहावा रकाना आखला. सातही देश एका दमात नापास झाले.

हसून झाल्यावर मात्र मी वही काढली. उभा जन्म पेपर तपासण्यात गेलेला. पुढे आलेला कागद तसाच परत करणे हाताला जमत नाही.

पोर्तुगालचे नाव पहिले पाहून मला गंमत वाटली. आमच्या एडवण गावात पोर्तुगीजांचा कोट होता. शेजारच्या कोऱ्याला, मथाण्याला, दातिवऱ्यालाही होते. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत हा सगळा किनारा सुटला आणि 1739 च्या मे महिन्यात वसई पडली, तेव्हा फिरंगी इथून गेले ते गेले. गोवा, दमण, दीवमध्ये ते 19 डिसेंबर 1961 पर्यंत राहिले. त्यामुळे त्या तारखेआधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तिकडचे नागरिकत्व मिळवता येते. कितीतरी गोवेकर त्या पासपोर्टवर लंडनकडे गेले. "आपले पूर्वज जरा लवकरच मोकळे झाले," हे म्हणाले. "दोनशे बावीस वर्षांनी पासपोर्ट हुकला."

आमच्यासारख्यांना तिथे जायचे तर डी-7 नावाचा व्हिसा असतो. पेन्शन, भाडे किंवा व्याज असे काम न करता येणारे उत्पन्न दाखवायचे. निदान तिथल्या किमान वेतनाइतके, म्हणजे 2025 च्या हिशेबाने महिना 870 युरो. जोडीदार असेल तर त्याहून जास्त. बाहेरून येणाऱ्यांना तिथे करात एक मोठी सवलत होती, तिच्यासाठी जगभरचे निवृत्त लोक लिस्बनला धावले. 2024 पासून ती नव्यांना बंद झाली.

मलेशियाचेही तसेच. 'माय सेकंड होम' या नावाने त्यांनी परदेशी लोकांना वर्षानुवर्षे बोलावले. 2021 मध्ये महिन्याच्या उत्पन्नाची अट 10,000 रिंगिटवरून एकदम 40,000 वर नेली. 2024 मध्ये सगळा साचाच बदलला आणि चांदी, सोने, प्लॅटिनम अशा पायऱ्या केल्या. यांतली चांदीची पायरी चढायलाही बँकेत दीड लाख डॉलरची ठेव लागते. थायलंडला वयाची पन्नाशी आणि बँकेत 8 लाख बाट पुरतात, पण तो परवाना दरवर्षी नवा करायचा. दुबईला पंचावन्न वर्षे पूर्ण लागतात, शिवाय घर, ठेव किंवा उत्पन्न यांपैकी काहीतरी भक्कम दाखवावे लागते; मग पाच वर्षांचा परवाना.

हे सारे वहीत उतरवताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कुणी पन्नास विचारते, कुणी पंचावन्न. 'किमान वय' कितीकांकडे आहे. ऐंशीव्या वर्षी काय, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. निवृत्तांना बोलावणाऱ्या देशांना हवा असतो तो पेन्शन घेऊन येणारा, समुद्रावर फिरणारा, हॉटेलात जेवणारा हातापायाने धड म्हातारा. त्यांच्या जाहिरातीत काठी दिसत नाही.

म्हणून मी अकरावा रकाना आखला. वर लिहिले, 'ऐंशी'. खाली प्रश्न लिहिला: दोघांपैकी एकच उरले आहे. जुलैची रात्र आहे. न्हाणीत पाय घसरला. आता कोण येईल, कुठे दुखते ते कोणत्या भाषेत सांगायचे आणि बिल कोण भरील?

या प्रश्नासमोर पोर्तुगाल पुन्हा वाचला. दवाखान्याला तिने आठ गुण दिले होते, ते असतीलही बरोबर. पण कळ मारते, ठणकते, चमक निघते आणि सलते यांतला फरक पोर्तुगीजमध्ये सांगायला मी एकसष्टाव्या वर्षी कुठे शिकू? दुखणे माणूस दुसऱ्या भाषेत सोसू शकतो, सांगू शकत नाही.

कॅनडा. तिथे आईबापांसाठी सुपर व्हिसा आहे, 2011 पासून. 2022 पासून एका वेळी सलग पाच वर्षे राहता येते. मुलगी आहे, म्हणजे 'कोण येईल' याचे उत्तर आहे. पण सरकारी आरोग्यसेवा आपल्याला लागू नाही. निदान एक लाख कॅनडियन डॉलरचा विमा काढूनच विमानात बसायचे, आणि वय वाढले, साखर निघाली, रक्तदाब निघाला की हप्ता चढत जातो. अमेरिकेत निवृत्तांसाठी वेगळा व्हिसाच नाही. मूल तिथले नागरिक असेल तर आईबापांना ग्रीन कार्ड मिळते, पण पासष्टीनंतरच्या सरकारी विम्यासाठी आधी सलग पाच वर्षे तिथे काढावी लागतात, आणि तोही हप्ता भरून. इकडचा आपला आरोग्यविमा बहुधा विमानतळापर्यंतच सोबत करतो. कायमचे जाणाऱ्याला बँकेतली खातीसुद्धा अनिवासी करून घ्यावी लागतात. आणि तिकडचे नागरिकत्व घेतले तर इकडचे सुटते, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचे ओसीआय कार्ड घेऊन जन्मभर येता-जाता येते, घर घेता येते. वाडी मात्र विकत घेता येत नाही, वारशाने आली तर आली.

राहता राहिला मॉरिशस, आणि तिथे माझे मन खरोखर थबकले.

1834 पासून मजुरांनी भरलेली जहाजे हिंदुस्थानातून तिकडे गेली. त्यांत मुंबई बंदरातून चढलेली आपली कोकणातली माणसेही होती. करार करून उसाच्या मळ्यात राबायला गेली आणि तिथलीच झाली. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. शाळेत मराठी शिकवतात. आपल्या जाखडीला ते झाकरी म्हणतात आणि अजून नाचतात. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी निवृत्तांना तिथे दहा वर्षांचा राहण्याचा परवाना मिळतो. समुद्र आहे, नारळ आहेत, गणपती आहे. लेकीने भाषेला सात गुण दिले होते. मला वाटले, दोन वाढवावेत.

मग विचार केला. तिथला मराठी माणूस घरात क्रिओल बोलतो, मराठी शाळेत आणि देवापुढे. आणि ते त्याचे बरोबरच आहे. जवळजवळ दोनशे वर्षांत जी भाषा शेजारपाजारची झाली ती त्याची झाली. ज्यांनी देश निवडला नव्हता, त्यांनी तिथे राबून, लग्ने लावून, माणसे पुरून-जाळून तो आपला केला. उलट 2024 च्या मार्चमध्ये आपल्या राष्ट्रपती तिथे गेल्या आणि भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड देऊ, असे सांगून आल्या. म्हणजे सात पिढ्यांपूर्वी गेलेल्याला इकडचे दार किलकिले आणि मी इकडून तिकडे निघालेली. त्यांच्या गणपतीत मला आरती म्हणता येईल. पण रात्री दोन वाजता ज्याच्या दाराची कडी वाजवावी असा शेजार पेन्शनच्या पैशांत मिळत नाही.

उतारवयात गाव सोडणे आमच्या पट्ट्याला काही नवे नाही. तारापूरला अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झाले, मग औद्योगिक वसाहत आली आणि बोईसरला सगळा देश राहायला आला. आम्ही नोकरीची तीस वर्षे तिथेच काढली. माझ्या शेजारी एक मल्याळी बाई होत्या, त्याही शिक्षिका. निवृत्त झाल्यावर सामानाचा ट्रक भरून त्या केरळला गेल्या. तीन वर्षांनी परत बोईसरला, भाड्याच्या खोलीत. मी विचारले तर म्हणाल्या, "तिथे घर होतं, बाई. माणसं आखातात गेली होती." पुढे केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. तिथल्या म्हाताऱ्यांपुढे कुणी सात देशांचा तक्ता ठेवला नव्हता. आमच्यापुढे आहे, याची निदान जाणीव तरी ठेवावी.

रविवार उजाडला. फोन लावण्याआधी मी न्याय म्हणून तक्त्यात आठवा देश घातला: एडवण.

भाषा, दहा. बोंबील, नऊ, जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा सुक्यावर भागवायचे म्हणून एक कापला. वाणसामान, आठ. वीज, पावसाळ्यात चार. तौक्ते वादळानंतरचा अंधार अजून कुणी विसरलेले नाही. दवाखाना, तीन. साध्या सोनोग्राफीला पालघर नाहीतर विरार. डहाणूपर्यंत लोकल 2013 मध्ये आली, पण आधी सफाळे गाठायचे आणि मग गुडघ्यांनी पूल चढायचा. 2025 मध्ये जलसारहून विरारला रो-रो सुरू झाली, वैतरणेच्या खाडीचा मोठा वळसा वाचला, हे खरे. पण हृदय रो-रोचे वेळापत्रक पाहून बंद पडत नाही.

आणि ऐंशीचा रकाना? तिथे मी पेन टेकवून बसून राहिले. इथे दहा लिहायला हात शिवशिवत होता. हाक मारली की समोरची काकू येते, वाडीत गडी असतो, आशापुरीच्या देवळात दोन दिवस दिसले नाही तर कुणीतरी चौकशीला येते. पण समोरची काकू अडुसष्टची. तिचा मुलगा बोरिवलीला, पलीकडच्यांचा वसईला, त्यापलीकडच्या घराला गणपतीपुरते कुलूप उघडते. आज माझ्या हाकेला जे चौघे धावतील, ते तेव्हा माझ्यासारखेच काठी शोधत असतील. खरे गुण लिहायचे तर पाच. एडवणही काठावर नापास.

कॅनडालाही त्या रकान्यात मी पाच दिले, लेकीसाठी. मॉरिशसला चार. बाकीच्यांना दोन-तीन. आठांपैकी एकही पास नाही. मग उमगले की हा रकाना निवड करून भरणारच नाही. तो बांधून भरावा लागतो, आणि बांधायला लागणारी दहा-पंधरा वर्षे जिथे हातात आहेत, तिथेच बांधता येतो. परक्या मुलखात मला ती वर्षे रस्ते आणि कागद शिकण्यात घालवावी लागतील.

लेकीला मी हेच सांगितले. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे येणार नाही?" येणार ना. गुडघे साथ देताहेत तोवर दर उन्हाळ्यात चार महिने तुझ्याकडे. साध्या पर्यटक व्हिसावर सहा महिनेसुद्धा राहता येते. "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी," मागून हे पुटपुटले. "दोन्ही घरी फ्रीज आहे," मी म्हटले.

परदेशातल्या पहिल्या वर्षासाठी जो खर्च धरला होता, त्यातला थोडा भाग या महिन्यात इथे लागला. झोपायची खोली माडीवरून खाली आणली. पडवीच्या दोन पायऱ्यांवर उतार घातला. समोरच्या आणि पलीकडच्या घरांशी किल्ल्यांची अदलाबदल केली. तीन घरांत तीन जुडगे. एका संध्याकाळी तिन्ही घरच्या म्हाताऱ्यांना बसवून प्रत्येकाच्या गोळ्यांची, डॉक्टरांची आणि मुलांच्या फोनची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. काकूने तर सुनेचा नंबर मुलाच्या वर लिहायला लावला.

काल गवंडी आला होता, न्हाणीत भिंतीला दांडा बसवायला. "किती उंचीवर लावू, बाई?" म्हणाला. मी स्टुलावर बसून हात वर केला. त्याने तिथे पेन्सिलीची खूण केली आणि ड्रिल उचलले. मी त्याला थांबवले. माझी आई शेवटी किती वाकली होती ते आठवले, खांदे पुढे घेतले, पाठ सोडली आणि पुन्हा हात वर केला. वीतभर खाली आला.

"इथे लाव," म्हटले.