विश्लेषण : गाडीचा ‘पिकअप’ गेला, आधी पार्ट बदलायचा की कोड वाचायचा?

अहमदपूरकरांना मोठा दवाखाना, कॉलेजचा प्रवेश किंवा लग्नाचा बस्ता यासाठी लातूर नाही तर नांदेड गाठावे लागते. अशा वेळी भर रस्त्यात गाडी दम टाकते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढत नाही, ओव्हरटेक करताना धडकी भरते आणि समोर पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा लागतो. मग ‘टर्बो गेला’, ‘पंप गेला’ असे अंदाज सुरू होतात. अंदाज चुकला की हजारो रुपयांचा नवा पार्ट बसतो आणि दुखणे तसेच राहते.

गाडी अशी का वागते?

अनेकदा इंजिन बिघडलेले नसते; ते स्वतःला वाचवत असते. आजच्या गाडीत हवा, इंधन, तापमान आणि दाब यांची मापे सेन्सर घेतात आणि ती इंजिनच्या संगणकाकडे, म्हणजे ईसीयूकडे जातात. माप धोक्याचे वाटले की ईसीयू ताकद मुद्दाम कमी करतो. यालाच ‘लिम्प मोड’ म्हणतात. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की काही वेळ ती ठीक चालते, म्हणून मालक निर्धास्त होतो. पण कारण कायम असते.

दोष कुठे शोधायचा?

इंजिनला पुरेशी हवा आणि योग्य दाबाचे इंधन लागते, पेट्रोल गाडीत वेळेवर ठिणगी लागते आणि जळालेला वायू बाहेर पडायला मोकळी वाट लागते. शोध याच क्रमाने, स्वस्ताकडून महागाकडे घ्यावा. उन्हाळ्यात आणि रब्बीच्या मळणीत धूळ उडणाऱ्या या भागात एअर फिल्टर लवकर चोंदतो. त्यानंतर टर्बोचे रबरी पाइप, डिझेल फिल्टरमधील पाणी, स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल पाहावेत. पेट्रोल गाडीचा ‘चेक इंजिन’ दिवा लुकलुकत असेल, तर गाडी रेटू नये. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळू शकते.

स्कॅनरने काय कळते?

स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या आसपास १६ पिनांचे ओबीडी सॉकेट असते. त्याला स्कॅनर जोडला की दोषाचा कोड दिसतो. पण कोड म्हणजे निकाल नव्हे. ‘पी०२९९’ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढेच; टर्बो बदला असे तो सांगत नाही. पाइपला चीर, ढिली क्लिप, व्हॅक्यूमची गळती किंवा दाबाचा बिघडलेला सेन्सर, यांपैकी कशानेही हाच कोड येतो. वेग घेताना शिट्टीसारखा आवाज आणि काळा धूर दिसला, तर आधी पाइप तपासावा. गाडी चालवत असताना सेन्सरची मापे पाहिली की संशय पक्का होतो.

गावातच फिरणाऱ्या डिझेल गाडीला त्रास जास्त का?

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल मोटारींत काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर सर्रास आला. साचलेली काजळी जाळायला साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सियस तापमान लागते. बसस्थानक, बाजार आणि घर एवढ्याच फेऱ्यांत गाडी पुरती तापत नाही, फिल्टर भरत जातो आणि ताकद घटते. फक्त डीपीएफचा दिवा लागला असेल, तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे महामार्गावर स्थिर वेगाने काही वेळ चालवल्यास बहुतेकदा काम होते. त्याकडे दुर्लक्ष केले, तर गॅरेजमध्ये स्कॅनरच्या मदतीने फिल्टर साफ करावा लागतो.

शॉर्टकट महागात का पडतात?

पहिला शॉर्टकट कोड पुसून दिवा घालवण्याचा. यात ताप न उतरवता थर्मामीटर लपवला जातो. दुसरा डीपीएफ काढून टाकण्याचा. गाडीच्या मूळ रचनेतील फेरफारावर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ बंधने घालते. वॉरंटीचा दावाही अडचणीत येतो आणि धूर गल्लीतल्या लेकरांच्या छातीत जातो.

मग बदलायचे काय?

दोष फक्त मेकॅनिकचा नाही. डॉक्टरची तपासणी फी मुकाट्याने देणारा ग्राहक गॅरेजमध्ये ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ असे विचारतो. तपासणीला मोल नसेल, तर गॅरेजची कमाई पार्ट विकण्यातूनच होणार. म्हणून निदानाची फी वेगळी ठरवावी आणि ती द्यावी. त्या बदल्यात दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा स्कॅन रिपोर्ट, पार्ट का बदलला याचे कारण, जुना पार्ट आणि पक्के बिल मागावे. मोबाइलवर कोडचा फोटो ठेवला, तरी दुसऱ्या गॅरेजला तो उपयोगी पडतो. फसवणूक झाली असे वाटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

तपासणीचे काहीशे रुपये वाचवण्याच्या नादात अनेक जण हजारोंचा पार्ट घेतात. निदानाला दाम मिळू लागले, की तालुक्याच्या गॅरेजलाही चांगला स्कॅनर घेणे आणि तो वाचायला शिकणे परवडेल. मग दवाखान्याच्या वाटेवर गाडी दगा देण्याची भीतीही कमी होईल.