काठीला भूक नसते: गाइड डॉगच्या खर्चाविषयी जाहीरनामा

आम्ही दृष्टिहीन माणसं, आमचे घरचे, श्वानप्रशिक्षक आणि पशुवैद्य. ही चळवळ उभी करताना एकच गोष्ट ठासून सांगतो: गाइड डॉगचा, म्हणजे दृष्टिहीनाला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचा, खर्च हा कुणाचा शौक नाही, समाजाचं देणं आहे.

लॅब्रॅडॉरचं पिल्लू बाजारात मिळतं. गाइड डॉग घडवावा लागतो. आधी वर्षभर एखाद्या कुटुंबात वाढतो, मग कित्येक महिने प्रशिक्षकाच्या हाताखाली राबतो. पायरी आली की थांबायला शिकतो. समोर मॅनहोल उघडं असेल तर ‘पुढे चल’ हा हुकूम मोडायलाही शिकतो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. इथे जीव वाचवतो तो मसालाच.

अमेरिकेतली ‘द सीइंग आय’ ही संस्था १९२९ पासून हे काम करते. पहिल्या कुत्र्यासाठी ती १५० डॉलर घेते. खरा खर्च त्याच्या कितीतरी पट, तो देणग्यांतून भागतो. जर्मनीत सार्वजनिक आरोग्य विमा कुत्र्याचा खर्च उचलतो, शिवाय पोसण्यासाठी ठरावीक रक्कम देतो.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ ठरावीक उत्पन्नमर्यादेत सहाय्यक साधनं मोफत देण्याविषयी बोलतं. दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून काठी, व्हीलचेअर, श्रवणयंत्र मिळतं. ती एकदा दिली की देणारा मोकळा. कुत्रा मात्र रोज जेवतो, त्याला गोचीड होतात, रेबीजची लस लागते. आठ-दहा वर्षांनी तो थकतो, मग दुसरा लागतो.

म्हणून आमच्या मागण्या:

१. गाइड डॉगला सहाय्यक साधनांच्या यादीत जागा द्या.
२. प्रशिक्षणाचा खर्च सरकारने आणि कंपन्यांच्या सीएसआर निधीने उचलावा.
३. पोसण्यासाठी दरमहा भत्ता द्या. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत उपचार मोफत करा.
४. निवृत्त कुत्र्याचा सांभाळ आणि नव्या कुत्र्याची सोय पहिल्याच दिवशी ठरवा.
५. एसटी, हॉटेल, हाउसिंग सोसायटी यांनी गाइड डॉगला अडवू नये, जादा पैसे मागू नयेत.

आमचीही बांधिलकी आहे. कुत्र्याला विश्रांती देऊ, मे महिन्यातल्या तापल्या डांबरावर चालवणार नाही, नुसता पट्टा चढवून पाळीव कुत्र्याला गाइड डॉग म्हणून मिरवणार नाही. ज्याला काठीच बरी वाटते, त्याची निवडही आम्हाला तितकीच मान्य आहे. मात्र ती निवड त्याच्या मनाने व्हावी, खिशाने नव्हे.